पांढरीखालचे गाव

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचवीच्या वर्गात ‘परिसर अभ्यास’ शिकवत होते. माणूस शिकार सोडून शेतीकडे कसा वळला, गाव करून कसा राहू लागला, असा धडा चालला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, हे सगळं दुसरीकडेच झालं. यवतमाळचं नाव कुठंच नाही. आपल्याकडे काही झालंच नाही का?”

“पुढच्या तासाला सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकांची ही जुनी युक्ती आहे. खरे तर मला उत्तर ठाऊक नव्हते. अठरा वर्षे उर्दू आणि मराठी शिकवते आहे, बी.एड. झाले आहे, याच जिल्ह्यात जन्मले, इथेच लग्न झाले, पण ज्या जमिनीवर उभी होते तिच्याबद्दल मला सांगण्यासारखे काही नव्हते. घरी आल्यावर ह्यांना विचारले तर हे हसून म्हणाले, “इथं कापूस पिकतो आणि ऊन पडतं. एवढाच आपला इतिहास.”

हसण्यावारी नेलेली ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. जूनमध्ये मी पुरातत्त्वाच्या एका वर्षाच्या पदविकेला नाव घातले. रविवारी तास, महिन्या-दोन महिन्यांतून एखादी क्षेत्रभेट आणि शेवटी एक प्रकल्प. वर्गात बहुतेक जण बावीस-तेवीस वर्षांचे. चाळिशी ओलांडलेली आणि डोक्यावर ओढणी घेतलेली मी एकटीच. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाने अगदी सरळ मनाने विचारले, “मॅडम, यात मंदिरं फार असतात. तुम्हाला जमेल ना?” त्याच आठवड्यात माझ्या खाला घरी आल्या होत्या. त्यांनी विचारले, “बेटा, या वयात मंदिरं-लेणी कशाला पाहत फिरायचं? त्यात आपलं काय आहे?”

दोन्हीकडून प्रश्न एकच होता. वर्षभर जे शिकले ते या प्रश्नाचेच उत्तर होते, असे आता वाटते.

पहिली क्षेत्रभेट यवतमाळ शहराला अगदी खेटून असलेल्या लोहाऱ्याला होती. तिथले कमलेश्वराचे मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. पण ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्यांतली कितीतरी मंदिरे त्याच्या आधीची आहेत. हे नाव आता माणसापेक्षा बांधणीच्या रीतीला चिकटले आहे. घडीव दगड एकमेकांत असे बसवायचे की सांध्यात चुना घालावाच लागू नये. दगडाच्या वजनावर आणि खाचांवर इमारत उभी राहते.

सरांनी सांगितले, सांध्यावरून बोट फिरवून पाहा. मी पाहिले आणि मला माझे नाना आठवले. ते गवंडी होते. ओळंबा सोडून भिंत पाहायचे आणि मग डोळे मिटून दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. “कारागिराचा हात अंगठ्याला कळतो,” असे म्हणायचे. सात-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच दगड घासला होता, अंगठा फिरवून पाहिला होता आणि मगच वर चढवला होता. नाना असते तर त्यांनी या भिंतीची तारीफच केली असती. पुजारीबुवांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. मंदिर जमेल का, हा प्रश्न त्या मुलाने पुन्हा काढला नाही.

दुसरी भेट नागपूर रस्त्यावरच्या कळंबला. लोक तिथे चिंतामणी गणपतीसाठी जातात. आम्हाला मात्र सरांनी आधी वर्गात एक झेरॉक्स दाखवली होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’तले ते वऱ्हाड सुभ्याचे पान होते. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतले. त्यानंतर त्यांनी सुभ्याची सरकारांत आणि परगण्यांत वाटणी करून महसुलाची नोंद केली. पान फारशीत. वर्गातली मुले नुसती पाहत राहिली. उर्दू येत असल्यामुळे मला अक्षरे लागत होती, अर्थही अडखळत का होईना लागत होता. सरकारांच्या यादीत कळंब सापडले. पुढे परगण्यांत ‘योत लोहारा’ सापडले. योत म्हणजेच आपले यवतमाळ! चारशे वर्षांपूर्वी यवतमाळ आणि लोहारा यांची नावे जोडूनच घेतली जात होती. ज्या कळंबला आपण आता तालुका म्हणतो ते तेव्हा एका सरकारचे ठाणे होते.

त्या दिवशी वर्गातल्या मुलांनी मला घेरले. “मॅडम, आम्हाला ही लिपी शिकवाल का?” घरी येऊन मी खालांना फोन केला आणि म्हटले, “खाला, त्यात आपलं काय आहे ते आज दिसलं. आपल्या गावाचं नाव दिसलं.”

आता या सगळ्यापेक्षा जुनी गोष्ट सांगते. त्यासाठी आधी आपल्या गावच्या मातीबद्दल बोलायला हवे. आपल्याकडे म्हातारी माणसे अजून ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे शब्द वापरतात. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण पांढरी पांढरी का असते, हा विचार कधी केला नव्हता. या भागातली मूळ माती काळीच. पण जिथे माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो तिथे चुलीची राख पडते, शेण पडते, चुना पडतो, मातीच्या भिंती पावसात ढासळतात आणि त्यांच्यावरच नवे घर उभे राहते. शेकडो वर्षे असे होत राहिले की जमीन उंच होते आणि मातीचा रंग बदलतो. गावातले किंवा गावाबाहेरचे पांढऱ्या मातीचे टेकाड म्हणजे बहुतेक वेळा जुनी वस्ती असते. पुरातत्त्वाचे लोक गावात आले की आधी पांढरी कुठे आहे ते विचारतात.

अशीच एक पांढरी बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ च्या हंगामात तिथे उत्खनन केले. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष वर्तमानपत्रांत आले तेव्हा आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतसुद्धा चर्चा झाली. तिथे वस्तीचा थर सुमारे पावणेनऊ मीटर जाड निघाला. म्हणजे तीन मजली घराला थोडेच कमी. ही सगळी उंची माणसांच्या राहण्याने झालेली.

त्या थराचे चार काळ ठरवण्यात आले. सगळ्यांत खाली लोहयुगातली वस्ती, त्यावर सातवाहनांचा काळ, त्यावर मध्ययुग आणि सगळ्यांत वर निजामाच्या काळातला टेहळणीचा बुरूज. खालच्या थरात एका गोल घराचे अवशेष मिळाले. चुन्याची जमीन, तिच्यावर चूल आणि भोवती लाकडी खांबांच्या खुणा. लोखंडी वस्तू मिळाल्या. रंगीत दगडांचे मणी, भाजल्या मातीच्या आणि हाडाच्या वस्तू, खापरे मिळाली. नमुने दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटरला तपासायला पाठवले गेले आणि वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ठरली.

वय कसे कळते, हे मुले हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. जिवंत झाडात, प्राण्यात एक विशिष्ट प्रकारचा कार्बन असतो. जीव गेला की तो हळूहळू घटत जातो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. चुलीतल्या कोळशाच्या तुकड्यात तो किती उरला आहे हे मोजले की ते लाकूड कधीचे ते कळते. नव्या यंत्रांना त्यासाठी चिमूटभर कोळसाही पुरतो.

या शोधाचे महत्त्व का, तेही सांगायला हवे. विदर्भातल्या लोहयुगाच्या माणसाची ओळख आपल्याला मुख्यतः त्याच्या दफनांवरून झाली आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीला आणि माहुरझरीला दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. त्यांच्या आत मृतांसोबत लोखंडाची हत्यारे ठेवलेली सापडली. माहुरझरीला तर घोड्यांचे तांब्याचे दागिनेही मिळाले. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे ही माणसे मेल्यावर कशी ठेवली जात हे आपल्याला बरेच ठाऊक होते. ती राहत कशी होती, हे त्या मानाने कमी. पाचखेडला त्यांचे घर सापडले, घरातली चूल सापडली.

आम्ही पाचखेडला गेलो तेव्हा उत्खनन संपून गेले होते. धामणगाव रस्त्याने बाभुळगावकडे जाताना दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. टेकाडावर रानगवत वाढलेले होते आणि पायाखाली जागोजागी खापरे. शेताकडे निघालेले एक आजोबा थांबले आणि त्यांनी विचारले, “मॅडम, सोनं निंगालं काय हो?”

“नाही आजोबा, चूल निघाली.”

“चूल तं आमच्या घरीबी हाय,” असे म्हणून ते हसले आणि निघून गेले.

सोन्याचा हा प्रश्न साधा नाही. सोन्याच्या आशेने किती पांढऱ्या रात्री खणल्या जातात, ते गावोगावी ऐकायला मिळते. जमिनीत दडलेल्या धनाबद्दलचा कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण सोन्यापेक्षा मोठे नुकसान मातीनेच होते. पांढरी माती शेताला खत म्हणून चांगली, धाब्याच्या घरावर टाकायला चांगली, म्हणून लोक ती पूर्वीपासून नेत आले. पूर्वी टोपलीने नेत, आता ट्रॅक्टरने नेतात. परतताना वाटेत एका गावात आम्ही ते प्रत्यक्ष पाहिले. टेकाडाची एक बाजू सरळ कापलेली होती आणि कापलेल्या भिंतीत राखेचे पट्टे, खापरांच्या ओळी स्पष्ट दिसत होत्या. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे पुस्तक होतं. पानं फाडून शेतात टाकली.”

पाचखेडच्या टेकाडावर सरांनी उत्खननाचा पहिला नियम सांगितला. खणणे वरून खाली असते. जो सगळ्यांत शेवटी आला त्याचा थर सगळ्यांत आधी लागतो. तुम्हाला तीन हजार वर्षांपूर्वीची चूल हवी असली तरी वरचा निजामकाळचा बुरूज आधी मोजावा लागतो, त्याचे चित्र काढावे लागते, फोटो घ्यावा लागतो, नोंद करावी लागते. मधला एखादा थर आवडत नाही म्हणून वगळता येत नाही. वगळला तर खालच्या थराचेही वय चुकते, कारण खालचे काय ते वरच्यावरूनच ठरते.

घाईत बुरुजाची टिपणे काढणाऱ्या त्या मुलांकडे मी पाहत होते. वऱ्हाड १७२४ पासून हैदराबादच्या निजामाकडे होते, १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्या सव्वाशे वर्षांतला कुणी शिपाई या टेकाडावरून रात्री पाहरा देत असेल. त्याच्या पायाखाली पावणेनऊ मीटरवर एक चूल आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती चूल पेटवणाऱ्या बाईची भाषा कोणती, ती कुणापुढे हात जोडायची, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण दोघांचे गाव एकच होते. ‘त्यात आपलं काय आहे’ या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर मला सापडलेले नाही. थर वेगळे असतात, पांढरी एकच असते. आणि जमिनीवर फिरून आपल्या आधी होऊन गेलेल्यांकडे पाहा, विचार करा, ही शिकवण तर कुरआनात पुन्हापुन्हा आलेली आहे. खालांना मी हेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी मलाही ने.”

इथवर सगळे गोड झाले. आता थोडे कडू. शेवटच्या प्रकल्पासाठी मी माहेरच्या गावातला दर्ग्याच्या दाराशेजारचा दगड निवडला. त्यावर काहीतरी लिहिलेले आहे हे लहानपणापासून ठाऊक होते. जाऊन पाहते तर दगड हिरव्यागार ऑइल पेंटखाली. दर वर्षी उर्सच्या आधी आपण श्रद्धेने रंग देतो. किती थर झाले असतील देव जाणे. फारशी शिलालेखांत बहुतेक वेळा अक्षरे उठावाची असतात, म्हणजे भोवतालचा दगड कोरून काढलेला असतो. रंग बसतो तो नेमका अक्षरांमधल्या खोलगट जागेत. काही वर्षांनी सगळे सपाट. त्यात कमिटीने यंदा भिंतीला टाइल्स लावायचे ठरवले होते.

म्हणजे ट्रॅक्टरवाल्याने जे केले तेच आपणही करतो आहोत. तो मातीच्या लोभाने करतो, आपण प्रेमाने करतो, एवढाच फरक. किती मशिदींच्या, दर्ग्यांच्या दुरुस्तीत असे दगड पायात गेले, पालथे घालून पायरी झाले, याचा हिशोब आपण ठेवलेला नाही.

मुतवल्ली चाचांशी बोलले. ते भले माणूस, पण धास्तावले. “बेटी, एकदा सरकारात नाव गेलं की आपल्याला एक वीटही लावता येणार नाही.” ही भीती अगदीच खोटी नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. पण मी त्यांना समजावले की शिलालेख वाचणे वेगळे आणि स्मारक संरक्षित म्हणून जाहीर होणे वेगळे. वाचल्याने कुणाची मालकी जात नाही. उलट, “चाचा, आजकाल जो तो कागद मागतो. हा दगड म्हणजे तुमच्या दर्ग्याचा सगळ्यांत जुना कागद आहे. तोच तुम्ही टाइल्सखाली पुरणार?”

चाचा विचारात पडले. म्हणाले, “वाचून दाखव. मग बघू.”

शिलालेखाची छाप घ्यायची रीत अशी. दगड स्वच्छ करून त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांत घालायचा, वाळत आला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. उठावाची अक्षरे काळी उमटतात. पण रंगामुळे इथे ते शक्य नव्हते. तारेच्या ब्रशने किंवा रसायनाने रंग खरवडायचा नाही, त्याने अक्षरेच जातात, हे वर्गात बजावलेले होते. मग दुसरा उपाय केला. मगरिबनंतर अंधार पडल्यावर मी आणि माझी मुलगी तिथे गेलो. तिने टॉर्च दगडाला अगदी चिकटवून बाजूने धरली. समोरून पाहताना जे सपाट वाटत होते त्यावर तिरपा उजेड पडताच सावल्या उठल्या आणि सावल्यांतून अक्षरे. मी मोबाइलवर वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढत गेले. चाचा मागे उभे होते.

वर कलमा होता. तो सगळ्यांनीच वाचला. खाली दोन ओळी फारशी. त्यातला ‘बिना’ हा शब्द लागला, म्हणजे बांधकामाची नोंद असावी. मग ‘सन’ आणि आकडे. पहिले दोन स्पष्ट होते, अकरा. पुढचे दोन रंगाने भरून गेलेले. म्हणजे हिजरी ११०० ते ११९९, इसवी सन १६८८ ते १७८५ च्या दरम्यान. औरंगजेबाच्या अखेरच्या काळापासून ते निजामांच्या अमलापर्यंत केव्हाही. बाकीचे नाव, बांधणारा, नेमके साल, सगळे आपल्याच रंगाखाली.

चाचा पुढे आले, अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “पन्नास वर्षांत मीच किती डबे लावले असतील.”

टाइल्स त्या दगडाभोवती एक हात जागा सोडून लागल्या. यंदाच्या उर्सला दगडाला रंग दिला गेला नाही. फोटो मी नागपूरला पाठवायच्या तयारीत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारशी शिलालेखांची शाखा नागपूरलाच आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. देशभरचे असे लेख तिथले तज्ज्ञ वाचत आले आहेत. डॉ. झियाउद्दीन देसाईंसारख्या विद्वानाने तिथे काम केले. रंग सुरक्षितपणे काढता येईल का, हेही तिथे विचारता येईल. उरलेले दोन आकडे इन्शाअल्लाह कधीतरी कळतील.

वाचक भगिनींना आणि बंधूंना एवढीच विनंती आहे. आपल्या मशिदीत, दर्ग्यात, कब्रस्तानात अक्षरे कोरलेला दगड असेल तर त्याला रंग, चुना, सिमेंट लागण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. तो कुठे होता ते लिहून ठेवा. घरात उर्दू येणारी मुले असतील तर त्यांना तो वाचायला लावा. आपल्या मुलांची उर्दू फक्त परीक्षेपुरती नाही, या जिल्ह्याचा इतिहास उघडायची ती एक किल्ली आहे आणि ती फार थोड्यांच्या हाती उरली आहे. आणि गावच्या पांढरीवरून कुणी ट्रॅक्टर भरत असेल तर ती माती कुणाची, असे न म्हणता ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता सातवीत आहे. मागच्या महिन्यात तिचा वर्ग घेऊन मी जवळच्या एका गावच्या पांढरीवर गेले होते. तिला काळ्या-तांबड्या रंगाचे एक खापर सापडले. मुठीत घट्ट धरून ती धावत आली. “मॅडम, हे घरी नेऊ?”

“नाही,” मी म्हटले. “जिथं होतं तिथंच ठेव. आधी वहीत चित्र काढ, आणि खाली गावाचं नाव लिही.”

तिने उकिडवे बसून चित्र काढले. खाली गावाचे नाव लिहिले, तालुका लिहिला, मग जिल्हा यवतमाळ असे जरा मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खापर उचलले होते त्याच जागी परत ठेवून दिले.